निरंक

घोषणापत्र दोन पानांचं होतं आणि त्यातला नववा रकाना कुणीतरी आधीच भरून ठेवला होता.

‘ज्ञात दोष : निरंक.’

शर्वरी खोतने तो शब्द वाचला आणि तिचे कान तापले. लाज वाटली की तिचे आधी कान तापत, अगदी शाळेपासून. केस पुढे घेऊन तिने ते झाकले.

“सही शुक्रवारपर्यंत हवी,” निशिकांत म्हणाला. तो संस्थेचा प्रमुख. बारा वर्षांपूर्वी दोघांनी एकाच टेबलावर बसून काम सुरू केलं होतं, त्यामुळे अजूनही तो तिच्या केबिनमध्ये दार न वाजवता येत असे. “दिल्लीला गेलं की परसदार देशाचं प्रमाण होणार. कळतंय ना तुला? आणि याचीच एक प्रत त्या धामणेवाडीच्या अपिलात जोडायचीय. सोमवारी सुनावणी आहे.”

“कुणाचं अपील?” तिने विचारलं. तिला माहीत होतं.

“अगं, ती निरीक्षिका. सुलभा जंगम. कामावर परत घ्या म्हणून दोन वर्षं खेटे घालतेय बिचारी. आपलं पत्र पोचलं की निकाल लागेल एकदाचा. यंत्रात दोष नव्हता म्हटल्यावर प्रश्नच उरत नाही.”

तो गेल्यावर शर्वरीने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. सही काही झाली नाही.

परसदार हे नाव तिनेच ठेवलं होतं. कंपायलर हा एक प्रकारचा दुभाष्या असतो. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम तो एका बाजूने आत घेतो आणि यंत्राला कळतील अशा सूचना दुसऱ्या बाजूने बाहेर काढतो. त्याची पुढची बाजू माणसांच्या भाषेकडे तोंड करून असते, मागची यंत्राकडे. या मागच्या बाजूला सगळे बॅकएंड म्हणतात. सुरुवातीच्या दिवसांत संस्थेत चारच माणसं होती. ती पुढच्या बाजूला गमतीने ओसरी म्हणत आणि मागच्या बाजूला परसदार. ओसरी विस्मरणात गेली, परसदार राहिलं.

ती वर्षं जुनी यंत्रं बंद पडण्याची होती. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कुणी भूगर्भशास्त्रज्ञाने, कुणी रक्तपेढीतल्या डॉक्टरने, कुणी धरणावरच्या अभियंत्याने फोर्ट्रानसारख्या भाषांत लिहिलेले प्रोग्रॅम होते. ते ज्या यंत्रांवर चालत, त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले. लिहिणारे निवृत्त झाले होते किंवा वारले होते. प्रोग्रॅम मात्र अचूक होते आणि तसे पुन्हा लिहायला कुणाजवळ ना वेळ होता, ना ते ज्ञान. मग एकच मार्ग उरला. सगळ्यांना ब्राउझरमध्ये आणून बसवायचं. ब्राउझर कुठेही असतो, फोनवर, शाळेच्या फळ्यावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या पडद्यावर. त्याच्या पोटात एक काल्पनिक यंत्र असतं. ते धातूचं नसतं, नुसत्या नियमांचं असतं, पण नियमांना फार काटेकोर. जुन्या प्रोग्रॅमचा आशय तसाच ठेवून तो या काल्पनिक यंत्राच्या सूचनांत उतरवायचा, हे परसदाराचं काम. शर्वरीने ते इतकं चोख करून दाखवलं की सात वर्षांत अकरा हजार प्रोग्रॅम त्या एका दारातून गेले.

काटेकोरपणाचीच एक अडचण होती. काही प्रश्नांना उत्तर नसतं. शून्याला शून्याने भागा, किंवा तुटलेल्या तारेकडून दाब किती ते विचारा. अशा वेळी यंत्र एक खास खूण देतं. तिचा अर्थ, ‘हा अंक नाही.’ ही खूण म्हणजे शून्य नव्हे. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. ही खूण म्हणजे मोजताच आलं नाही. शिवाय ती ज्या बेरजेत पडते, ती अख्खी बेरीजच ‘अंक नाही’ होऊन जाते. ब्राउझरमधल्या काल्पनिक यंत्राला अशी खूण देऊन ‘हिचा पूर्णांक कर’ असं सांगितलं, तर ते अंदाज करत बसत नाही. तिथल्या तिथे थांबतं. प्रोग्रॅम बंद, पान पांढरं.

नेमकं हेच विभागीय कार्यालयातल्या पहिल्या प्रात्यक्षिकात झालं होतं. पाच अधिकारी पांढऱ्या पडद्याकडे बघत बसले होते. एकाने घड्याळ पाहिलं. परत येताना गाडीत निशिकांत एवढंच म्हणाला, “पान पांढरं पडता कामा नये. काहीही होवो.”

शर्वरीने पंधरा ओळी लिहिल्या. पूर्णांकात होणाऱ्या प्रत्येक रूपांतराच्या आधी परसदार आता खात्री करून घेई. खूण दिसली तर थांबायचं नाही, अंकाच्या जागी ती खूणच छापायची. तीन रोमन अक्षरं, NaN, म्हणजे ‘नॉट अ नंबर’. आठवड्याने एका चाचणी केंद्रावरून पत्र आलं, “साहेब, सकाळपासून दोनदा नान आला. रोटी कधी पाठवताय?” त्या दिवशी सगळी संस्था हसत होती. निशिकांत डोळे पुसत तिच्याकडे आला. “मराठी शब्द दे बाई एखादा.”

तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. निरंक. निर् आणि अंक, जिथे अंक नाही ते. इतका नेमका शब्द सापडल्याचा तिला आनंद झाला. विज्ञान शिकलेल्या माणसांना मराठी येत नाही असं म्हणणाऱ्यांची तिला चीड होती.

चाचणीच्या कामावर तेव्हा पोफळेकाका होते. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले. सामान्य माणूस पडद्यावर कुठे अडखळतो ते कळावं म्हणून त्यांना घेतलं होतं. त्यांनी रीतसर तक्रार नोंदवली : ‘निरंक या शब्दाचा कचेरीत अर्थ नोंद करण्याजोगे काही नाही असा होतो. महिनाअखेर आम्ही निरंक अहवाल पाठवत असू. गैरसमज होईल. बदलावे.’

शर्वरीने उत्तर लिहिलं, ‘संदर्भाने कळेल. बदल नको.’ आणि तक्रार बंद केली.

ते जेवणानंतर तिच्या टेबलापाशी आले. “मॅडम, कचेरीत संदर्भ नसतो हो. रकाना असतो.”

“काका,” ती म्हणाली, “निवृत्त झालात ना? आता कचेरी डोक्यातून काढा बघू.”

आजूबाजूचे हसले. पोफळेकाकाही हसले, चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला आणि आपल्या जागेवर गेले. पुढच्या वर्षी ते हृदयविकाराने वारले. शर्वरी त्यांच्या घरी भेटायलाही गेली होती.

धामणेवाडीच्या डोंगराच्या पोटात अकरा संवेदक पुरलेले होते. मातीच्या कणांमधल्या फटींत पाणी भरलं की ते कण एकमेकांपासून सुटे व्हायला बघतात. तो दाब हे संवेदक मोजत आणि एक जुना प्रोग्रॅम दर तासाला त्यावरून धोक्याचा आकडा काढी, शून्य ते नव्याण्णव. जुन्या यंत्रावर त्या आकड्यासाठी दोनच घरांचा रकाना होता. त्यात न मावणारं काही आलं, की ते यंत्र अंकांऐवजी तारका छापत असे. निरीक्षक त्यांना चांदण्या म्हणत. चांदण्या पडल्या म्हणजे तार तुटली. मग छत्री घेऊन स्वतः डोंगर बघून यायचा. हा नियम कुठल्याही पुस्तकात नव्हता. एका निरीक्षकाने दुसऱ्याला सांगितलेला होता.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये तीन दिवस पाऊस कोसळत होता. उतार आतल्या आत सरकायला लागला आणि त्याने तीन संवेदकांच्या तारा तोडल्या. सकाळी अकरापासून पडद्यावर धोक्याच्या आकड्याच्या जागी ‘निरंक’ उमटू लागलं. निरीक्षिकेने ते तसंच अहवालात उतरवलं, सलग पाच तास. जिल्ह्याचा नकाशा रंगवणाऱ्या यंत्राने निरंक म्हणजे शून्य धरलं आणि धामणेवाडी हिरवी केली. दुपारी चार वीसला डोंगर खाली आला. दोन घरं आणि पाच माणसं गेली.

चौकशीत सुलभा जंगम एकच गोष्ट सांगत राहिली. पडद्यावरच निरंक होतं. समितीने संस्थेला विचारलं. उत्तराचा मसुदा शर्वरीने केला होता : ‘मूळ प्रोग्रॅममध्ये हा शब्द कोठेही नाही.’

वाक्य खरं होतं. शब्द मूळ प्रोग्रॅममध्ये नव्हताच, तो परसदारात होता. ते लिहिताना तिचे कान इतके तापले होते की तिने उठून तोंडावर पाणी मारलं होतं. नंतर समितीने पुन्हा काही विचारलं नाही. कचेरीतल्या प्रत्येकाला तो शब्द आपलाच वाटला. त्या बाईने सवयीने लिहिला असेल, असं सगळ्यांनी धरलं आणि तिला कामावरून काढलं.

आणि शर्वरीने परसदारातला शब्द बदललाही नाही. बदलला असता तर त्या बदलाची तारीख राहिली असती.

बुधवारी तिने रजा टाकली आणि धामणेवाडीची एसटी पकडली. त्या बाईला प्रत्यक्ष भेटल्याशिवाय काही ठरवणं बरं नाही, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. मनाच्या तळाशी वेगळंच होतं. ती बाई बेफिकीर निघावी, असं तिला वाटत होतं. उडवाउडवीची उत्तरं देणारी, कामावर असताना फोन बघत बसणारी. तशी निघाली, तर सही करता आली असती.

सुलभा जंगम पत्र्याच्या ओळीतल्या शेवटच्या खोलीत शिलाई मशीनवर बसली होती. पन्नाशीची, किरकोळ बांध्याची, मोठ्या काचांचा चष्मा. मशीनवर कापड नव्हतं. ती नुसतंच तेल घालत होती.

“पुण्याहून का?” ती उठली. “त्या प्रोग्रॅमवाल्या संस्थेतून? बसा की. तुमची सही यायचीय म्हणत होते वकील. तेवढ्यासाठी आलात होय एवढ्या लांब?”

“हो. म्हणजे, बघायला आले.”

“बघा की. बघायला काय पैसे पडत नाहीत.” ती हसली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे तिचं लक्ष गेलं. “चहा ठेवते, पण आधी वर जाऊन येऊ. अकरा वाजायला आले. माझी वेळ झाली.”

“कसली वेळ?”

“या तर खरं.”

पायवाट ओल्या कातळावरून वर जात होती. वाटेत दोन बायका कळश्या घेऊन येताना दिसल्या. सुलभाताईला पाहून त्या बोलता बोलता गप्प झाल्या आणि कडेने निघून गेल्या. “ती पहिली, पारूबाई,” सुलभाताई मागे न बघता म्हणाली. “तिची सून गेली. माझ्याकडंच ब्लाउज शिवायची ती. आता गावात कुणी टाकत नाही माझ्याकडं कापड. त्यांचं काय चुकतंय? मीच लिहिलं निरंक.”

डोंगराला जिथे नवी भेग गेली होती, तिथे तिच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकल्या होत्या. बारा जोड्या होत्या. सुलभाताईने कमरेच्या पिशवीतून शिंप्याची टेप काढली आणि एकेका जोडीतलं अंतर मोजू लागली. गुडघे टेकून, टेप ताणून, दोनदा. आकडा पुटपुटायचा, वहीत लिहायचा, पुढच्या खुंटीकडे जायचं. शर्वरीने प्रयोगशाळेत मोजमाप करणारी पुष्कळ माणसं पाहिली होती. इतकी सावध फार थोडी.

“हे तुम्हाला कुणी सांगितलंय करायला?”

“कोण सांगणार? काढून टाकलेल्या बाईला कोण काय सांगतंय. रोज तीनदा येते. पाच मिलिमीटर वाढलं तर सरपंचाला सांगायचं. ते ऐकोत, न ऐकोत.” तिने वही पुढे केली. “बघा. तुमच्या यंत्राएवढं सुबक नाही.”

वही पाटीसारखी स्वच्छ होती. तारीख, वेळ, बारा आकडे. मध्येच जुलैतल्या एका ओळीत आकड्यांऐवजी शब्द होते : ‘धुकं. मोजता आलं नाही.’ पुढच्या महिन्यात पुन्हा, सातव्या खुंटीपुढे : ‘वाट खचली. मोजता आलं नाही.’

शर्वरीचं बोट त्या ओळीवर थांबलं. “रिकामं का नाही सोडलंत?”

“रिकामं सोडलं तर वाचणारा म्हणणार, काही नव्हतं. निरंक लिहिलं तरी तेच म्हणणार. म्हणून सरळ लिहिते, मोजता आलं नाही. मग ज्याला भीती वाटायचीय त्याला वाटेल.” तिने टेप झटकली. “अक्कल उशिरा आली, मॅडम. त्या दिवशी आकड्याच्या जागी निरंक बघितलं आणि मला हायसं वाटलं. म्हटलं, काही नाही आज. मी चांदण्यांची वाट बघत होते. जुन्या साहेबांनी शिकवलेलं, चांदण्या पडल्या की वर जायचं. चांदण्या पडल्या असत्या तर गेले असते हो मी. पावसात काय, पुरात गेले असते.”

शर्वरीला खाली बसावंसं वाटलं, पण सगळीकडे चिखल होता.

“सुलभाताई,” ती म्हणाली, “तो शब्द मी लिहिला.”

“कुठला?”

“निरंक. पडद्यावर जो होता तो. चांदण्यांच्या जागी मी घातला होता.”

सुलभाताईने टेप बोटांभोवती गुंडाळायला सुरुवात केली, सावकाश, एकही पीळ न पडू देता.

“म्हणजे पडद्यावर होता,” ती म्हणाली.

“होता.”

“खरंच होता.”

“हो.”

“साहेब म्हणाले, प्रोग्रॅममध्ये तो शब्दच नाही. पुण्याचं पत्र आलंय म्हणाले. दोन वर्षं मला वाटतंय, मला भास झाला. तालुक्याला जाऊन डोळे तपासून घेतले मी. डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही, नंबर नाही. मी म्हटलं, तरी द्या.” तिने चष्म्याला हात लावला. “शून्य नंबरचा आहे हा.”

शर्वरीने ते पत्रही आपणच लिहिलं होतं, हे सांगितलं. पोफळेकाकांचं सांगितलं. आपण त्यांना काय उत्तर दिलं ते सांगितलं, आणि सगळे हसले तेही. हे सगळं ती सुलभाताईच्या चिखलाने भरलेल्या चपलांकडे बघत बोलत होती.

“दोन वर्षं,” सुलभाताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “दोन वर्षं काय करत होता?”

“आधी भीती वाटत होती. नंतर लाज.”

“लाज?” सुलभाताईने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. “लाज तर माझ्याकडं होती, मॅडम. तुमच्या वाटणीची पण मीच वागवत होते म्हणायची.”

खालून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू आली. सुलभाताई वाकली आणि राहिलेल्या दोन खुंट्यांमधलं अंतर मोजून तिने वहीत लिहिलं. मग ती उतरायला लागली. पत्र्याच्या ओळीपाशी आल्यावर ती दारात थांबली, आत या म्हणाली नाही.

“चहा ठेवते म्हणाले होते. राहू दे आता. दीडला एसटी आहे.”

“सोमवारी मी—”

“तोंडानं सांगा. कागद नका पाठवू. कागदावर काय लिहिलेलं असतं आणि कोण काय वाचतं, ते बघितलंय मी.”

शर्वरी संस्थेत पोचली तेव्हा चार वाजले होते. रजेवर असूनही ती थेट आपल्या टेबलापाशी गेली आणि परसदाराची ती पंधरा ओळींची फाइल उघडली. ‘निरंक’ खोडून तिथे तिने लिहिलं, ‘मोजता आलं नाही’, आणि एक सूचना जोडली. हे शब्द आले की पडदा पिवळा व्हावा आणि बघणाऱ्याने हात लावेपर्यंत घंटा वाजत राहावी. बदलाचं कारण लिहायची चौकट समोर आली. तिथे तिने पोफळेकाकांच्या बंद केलेल्या तक्रारीचा क्रमांक टाकला. तारीख आपोआप पडली.

मग इतके दिवस जे करायचं टाळलं होतं, ते तिने केलं. धामणेवाडीनंतरच्या दोन वर्षांत हा शब्द अकरा हजार प्रोग्रॅममधून किती वेळा पडद्यावर आला, ते मोजलं. तीन लाख चाळीस हजार वेळा. रक्तपेढ्या होत्या, बंधारे होते, एका जिल्ह्यातली बालकांची वजनं होती. त्यांतल्या किती जणांना ते वाचून हायसं वाटलं असेल, हे मोजायचा काही उपाय नव्हता. तिने ती यादी छापली. छपाईयंत्र बराच वेळ चालत राहिलं आणि शेवटी निशिकांत बघायला आला.

त्याने पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मग दार लावून घेतलं.

“शर्वरी, हे आत्ता बाहेर काढलंस तर प्रमाण वगैरे विसर. संस्था राहील की नाही, सांगता येत नाही. चाळीस माणसं आहेत इथे.”

“माहीत आहे.”

“शब्द बदललास ना? मग झालं. दोष होता, आता नाही. घोषणापत्रात ‘ज्ञात दोष’ म्हणजे आजचे. भाषेच्या दृष्टीने बघितलं तर ते खोटंही नाही.”

“भाषेच्या दृष्टीने मी आधी एक पत्र लिहिलंय, निशिकांत. तू सही केली होतीस त्यावर.”

तो खिडकीपाशी गेला. “मी तेव्हा विचारलं नव्हतं तुला काही.”

“हो. मला बरं वाटलं होतं, तू विचारलं नाहीस म्हणून.”

“मलाही,” तो म्हणाला. मग दार उघडून गेला, पण यादी त्याने टेबलावरच ठेवली.

घोषणापत्राचा नमुना संगणकावर भरायचा होता. नवव्या रकान्यात एकतर संख्या लिहिता येत होती, नाहीतर निरंक. तिने वाक्य लिहून पाहिलं, रकाना लाल झाला. शेवटी तिने कागद छापला, छापील शब्दावर पेनाने रेघ मारली आणि समासात बारीक अक्षरात लिहीत गेली. समास संपला तेव्हा पान उलटून मागे लिहिलं. खाली सही केली.

सोमवारी विभागीय कार्यालयातल्या सुनावणीच्या खोलीत तीन सदस्य, एक लेखनिक आणि मागच्या बाकावर सुलभा जंगम होती. इस्त्रीची साडी नेसून, चष्मा लावून. शर्वरीने तिला नमस्कार केला. तिने मान हलवली की नाही, ते शर्वरीला कळलं नाही.

साक्ष वीस मिनिटं चालली. कंपायलर, परसदार, ती खूण, पंधरा ओळी, पोफळेकाकांची तक्रार, सगळं तिने सांगितलं. तांत्रिक भाग सांगताना तिचा आवाज ठीक होता. ‘मूळ प्रोग्रॅममध्ये हा शब्द कोठेही नाही’ या वाक्यापाशी तो बसला. अध्यक्षांनी पाणी मागवलं.

“या पोफळ्यांनी तुम्हाला लेखी कळवलं होतं?”

“हो.”

“तुम्ही काय उत्तर दिलंत?”

ती बोलली.

“ऐकू आलं नाही, मॅडम,” लेखनिक म्हणाला. “मोठ्यानं सांगा.”

“‘संदर्भाने कळेल. बदल नको,’” शर्वरी म्हणाली. ते शब्द खोलीत मोठ्याने ऐकू आले आणि लेखनिकाची बोटं ते टिपताना कळफलकावर वाजत राहिली. तिचे कान तापले. या वेळी तिने केस पुढे घेतले नाहीत.

अध्यक्षांनी कागद एकत्र केले. “साक्षीदाराला आणखी काही सांगायचं आहे?”

ती मागे वळली. सुलभाताईने चष्मा काढून मांडीवर ठेवला होता आणि उघड्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होती. पारूबाईची सून, आणखी चार माणसं, ज्यांची नावं शर्वरीने काल रात्रीपर्यंत वाचलीही नव्हती. पोफळेकाकांचा शर्टाच्या टोकाला पुसलेला चष्मा. सांगायचं पुष्कळ होतं. तिने तोंड उघडलं, मिटलं.

लेखनिकाने सवयीने पुढचा रकाना गाठला. “अधिक म्हणणे... निरंक लिहू का, मॅडम?”

“नको,” शर्वरी म्हणाली. “लिहा, सांगता आलं नाही.”

त्याने अध्यक्षांकडे पाहिलं. “असं रकान्यात बसत नाही, साहेब.”

“बसवा,” मागच्या बाकावरून सुलभा जंगम म्हणाली.